फिशटँकसाठी आरओ निवडताना: आधी पाणी मोजा, मग मशीन बघा

आरओ घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास तोच: किती स्टेजचा? पाच, सात, नऊ. जितक्या नळकांड्या जास्त तितकं पाणी चांगलं, असा आपला समज असतो आणि विकणाराही तो खोडून काढण्याच्या भानगडीत पडत नाही. फिशटँकपुरतं बोलायचं तर कामाच्या गोष्टी चारच: गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, क्लोरीन शोषणारा कार्बन, विरघळलेले क्षार अडवणारी मेम्ब्रेन (बारीक पडदा) आणि मेम्ब्रेनमधून निसटलेले क्षार टिपणारं, काही जणांनाच लागणारं डीआय (डीआयोनायझेशन) रेझिन. या चारही उत्तम घेतल्या आणि मागून पाण्याला दाब नसला, तर मशीन नुसतं भिंतीवर लटकतं. त्यामुळे खरेदीला निघण्याआधी घरातच थोडी मोजामोज करायची आहे.

मुळात आरओ लागतो का?

एक टीडीएस मीटर आणि जीएच-केएचची थेंबांची टेस्ट किट घ्या. पट्ट्यांच्या टेस्ट अंदाजापुरत्या ठीक, पण या कामाला थेंबांचीच बरी. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. म्हणजे पाण्यात क्षार किती हे कळतं, कोणते हे कळत नाही. ४०० टीडीएसचं पाणी कॅल्शियममुळे जड असू शकतं किंवा साध्या मिठामुळे खारट. माशांच्या दृष्टीने या दोन्हींत मोठा फरक आहे, म्हणून जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) आणि केएच (पीएच सांभाळणारे कार्बोनेट) वेगळे मोजायचे. नायट्रेटही बघा. नळाच्या पाण्यातच ४० पीपीएम नायट्रेट असेल, तर कितीही पाणी बदललं तरी टँकमधलं नायट्रेट त्याखाली उतरणार नाही. आणि ही मोजणी एकदाच करून थांबू नका. पाण्याचा स्रोत बदलला किंवा पावसाळा-उन्हाळा बदलला की आकडे हलतात.

आता मासे. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश, मलावी आणि टांगानिका तलावांतले सिक्लिड यांना जड पाणी मानवतं, यातल्या काहींना तर तेच हवं असतं. यांच्यासाठी आरओ म्हणजे आधी क्षार काढायचे आणि मग पुन्हा घालायचे, असा उद्योग. डिस्कस, कार्डिनल टेट्रा, रॅम, अपिस्टोग्रामा, क्रिस्टल श्रिंप यांची गोष्ट वेगळी. यांचं मूळ पाणी मऊ, आणि पिल्लं काढायची असतील तर मऊ पाण्यावाचून फारसं जमत नाही. समुद्री टँकला, त्यातही कोरल असतील तर, आरओ आणि त्यापुढे डीआय हे जवळजवळ गृहीतच धरा.

तुमच्या पाण्याचा जीएच ६-८ असेल आणि टँकमध्ये साधे टेट्रा, कोरीडोरस असतील, तर हा लेख इथेच सोडून तेच पैसे चांगल्या फिल्टरवर घाला. आपल्या नळाला साजेसे मासे पाळणं हा या छंदातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात.

आठवड्याला किती लिटर?

क्षमतेचा हिशेब टँकच्या आकारावरून करू नका, आठवड्याला बदलायच्या पाण्यावरून करा. समजा टँक ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरचा आहे. कागदावर १८२ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा करून प्रत्यक्षात १५० धरा. आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं तर ४५ लिटर. त्यातलं दोन-तृतीयांश आरओचं म्हणजे ३० लिटर, वर उडून गेलेल्या पाण्याची भर साधारण १० लिटर. झाले ४० लिटर.

मेम्ब्रेनवर ५०, ७५, १०० असे जीपीडीचे आकडे असतात, म्हणजे दिवसाला इतके गॅलन. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, तासाला जवळपास १२. पण हा आकडा २५ अंश तापमानाला आणि साधारण ५० ते ६५ पीएसआय दाबाला दिलेला असतो. पाणी थंड झालं की दर अंशामागे उत्पादन अंदाजे ३ टक्क्यांनी घटतं. थोडी घट धरून तासाला ८ लिटर समजलं, तरी वरचे ४० लिटर पाच तासांत होतात. म्हणजे मध्यम टँकला ५० जीपीडीसुद्धा पुरतो आणि ७५ ऐसपैस होतो. त्याहून मोठा घ्यायचा तर टँक मोठा हवा किंवा बरेच टँक हवेत. जास्त जीपीडीच्या काही मेम्ब्रेन क्षार थोडे कमी अडवतात, म्हणून वेगाच्या मोहात पडण्याआधी त्यांची अडवण्याची टक्केवारी बघा.

दाब: सगळं इथे अडतं

मेम्ब्रेन ही चाळणी असली तरी पाणी तिच्यातून आपणहून गळत नाही. निसर्गाचा ओढा उलट असतो, शुद्ध पाणी क्षारांच्या बाजूला जाऊ पाहतं. तो ओढा मोडून पाणी उलट रेटायचं, म्हणून नाव रिव्हर्स ऑस्मोसिस. हा विरोध दर १०० टीडीएसमागे साधारण १ पीएसआय असतो, म्हणजे ४०० टीडीएसच्या पाण्याला पहिले ४ पीएसआय नुसते बरोबरी करण्यातच जातात.

गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर १० मीटर उंचीला सुमारे १४ पीएसआय मिळतात. टाकी नळापासून ३ मीटरच वर असेल तर चारच्या आसपास. थोडक्यात, हाती काहीच उरत नाही. असं युनिट थेंब-थेंब पाणी देतं, तेही जास्त टीडीएसचं, कारण दाब कमी झाला की पाणी कमी येतं पण क्षार पूर्वीइतकेच झिरपत राहतात. मग मालक मेम्ब्रेनला शिव्या घालतो.

म्हणून नळाला प्रेशर गेज लावून दाब मोजा. ५०-६० पीएसआय असेल तर पंपाशिवायचं साधं युनिट घ्या: कमी भाग, कमी आवाज, कमी बिघाड. ४० च्या खाली असेल तर बूस्टर पंप हवाच. पंप घेतला की त्याच्याबरोबर लो-प्रेशर स्विचही घ्या. नळाचं पाणी गेलं की तो पंप बंद करतो, नाहीतर पंप कोरडा फिरत बसतो.

मेम्ब्रेन आणि तिच्या आधीचं सगळं

घरगुती युनिटमध्ये बहुतेक १८१२ मापाची मेम्ब्रेन असते, म्हणजे व्यास १.८ इंच आणि लांबी १२ इंच. हे प्रमाण माप असलेलंच युनिट निवडा. स्वतःचंच वेगळं कार्ट्रिज वापरणारी बंद डब्यासारखी मशीन दिसायला सुबक असतात, पण दर बदलीला तुम्ही एकाच कंपनीच्या दारात उभे. १० इंची उभी हाउसिंग असलेलं युनिट ओबडधोबड दिसेल, पण त्यात कुठलाही फिल्टर बसतो. शक्यतो पारदर्शक हाउसिंग घ्या, सेडिमेंट फिल्टर किती काळवंडलाय ते न उघडता दिसतं.

मेम्ब्रेनची टक्केवारी तपासून घ्या. ४०० टीडीएसचं पाणी ९८ टक्के अडवणाऱ्या मेम्ब्रेनमधून ८ होऊन येतं आणि ९५ टक्केवालीतून २० होऊन. ऐकायला तीनच टक्क्यांचा फरक, पण पुढे डीआय असेल तर त्याचं आयुष्य अडीचपट कमी.

आज मिळणारी बहुतेक मेम्ब्रेन टीएफसी प्रकारची, पॉलिअमाइडच्या पातळ थराची असते आणि तिचा शत्रू क्लोरीन. एकदा क्लोरीनने तो थर खराब झाला की तो परत येत नाही. म्हणून तिच्या आधी ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर आणि मग कार्बन ब्लॉक. दाणेदार कार्बनपेक्षा घट्ट दाबलेला ब्लॉक घ्यावा, कारण दाण्यांमधून पाणी वाट काढून निसटतं. हा क्रम उलटा करू नका, गाळाने कार्बन आधीच बुजून जाईल.

तुमच्याकडे पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात का, हे मात्र शोधून काढा. साधी फ्री क्लोरीनची टेस्ट क्लोरामाइन दाखवत नाही, टोटल क्लोरीनची टेस्ट लागते. क्लोरामाइन फोडायला साधा कार्बन कमजोर पडतो, त्यासाठी कॅटॅलिटिक कार्बन किंवा एकामागे एक दोन कार्बन ब्लॉक लावतात. तो फुटल्यावर अमोनिया उरतो, त्यातला बराचसा मेम्ब्रेन अडवते आणि राहिलेला डीआय उचलतो. एकच सेडिमेंट आणि दोन कार्बन, या अर्थाने चौथी स्टेज खरंच कामाची. बाकी नळकांड्यांबद्दल विचारा, 'ही काढली तर माझ्या टँकमध्ये काय बिघडेल?' उत्तर मिळालं नाही तर ती नको.

डीआय कोणाला लागतं?

गोड्या पाण्याच्या टँकला नाही. आरओच्या पाण्यात ८-१० टीडीएस शिल्लक राहिला तरी तुम्ही त्यात क्षार परत घालणारच आहात. समुद्री टँकवाल्यांना मात्र शून्य हवं, कारण उरलेल्या आठांत फॉस्फेट, सिलिका, तांबं नेमकं किती हे मीटर सांगत नाही, आणि तांबं तर कोरल-श्रिंपसारख्या जिवांना अगदी थोडंही बाधतं.

डीआय रेझिन घ्यायचं तर रंग बदलणारं घ्या, संपत आलं की डोळ्यांना कळतं. एक खोच ध्यानात असू द्या. सिलिका पाण्यात नीट विद्युतभारित होत नाही, त्यामुळे रेझिन थकू लागलं की आधी ती निसटते आणि मीटर तरीही शून्यच दाखवतो. काचेवर तपकिरी डायटम (शेवाळासारखा थर) अचानक वाढले तर मीटरवर विसंबू नका, रेझिन बदलून पाहा. दुसरं, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो आणि रेझिन खाऊन टाकतो. विहीर-बोअरच्या पाण्यात तो भरपूर असू शकतो. आरओचं पाणी पिंपात घेऊन त्यात रात्रभर एअर स्टोन सोडला आणि मग डीआयमधून काढलं, तर रेझिन बरंच जास्त टिकतं.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का?

हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. चालतो, पण पाणी कुठून घेता यावर. पिण्याच्या मशीनमध्ये मेम्ब्रेननंतर चवीसाठी बऱ्याच करामती असतात: टीडीएस कंट्रोलर, जो चक्क थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, मिनरल कार्ट्रिज, अल्कलाइन कार्ट्रिज, कधी तांब्याचं पाणी देणारं कार्ट्रिज. माणसाला हे ठीक. श्रिंपला तांबं म्हणजे विष, आणि कंट्रोलरचा स्क्रू कोणीतरी फिरवला की तुमच्या पाण्याचा टीडीएस महिन्यागणिक वेगळा. मेम्ब्रेनच्या तोंडाशी, या सगळ्याच्या आधी, एक टी-जोड लावून वेगळी नळी काढा आणि तिथलं पाणी मीटरने तपासा. नॅनो टँकला एवढं पुरतं. मोठ्या टँकला नको, कारण वर्षभर पुरायचे फिल्टर काही महिन्यांत संपतील आणि घरातले तुमच्या छंदाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतील.

वाया जाणारं पाणी

साधं युनिट एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर नाल्यात सोडतं. हे प्रमाण ठरवणारा भाग म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, आणि तो मेम्ब्रेनच्या जीपीडीशी जुळणारा हवा. ७५ जीपीडीची मेम्ब्रेन मिनिटाला सुमारे २०० मिली पाणी देते, म्हणजे एकास तीन प्रमाणाला ६०० मिलीच्या आसपासचा रिस्ट्रिक्टर. मेम्ब्रेन १०० ची बदलली आणि रिस्ट्रिक्टर जुनाच राहिला, हा गोंधळ फार वेळा होतो.

एकास एक देणारी युनिटही मिळतात. मऊ पाण्याला ती चांगली. जड पाण्याला मात्र तेच क्षार अर्ध्याच पाण्यात घट्ट होतात आणि मेम्ब्रेनवर चुना बसतो. ४०० टीडीएसच्या पाण्याचा हिशेब मांडला तर एकास तीनमध्ये बाहेर जाणारं पाणी ५३० च्या आसपास राहतं, एकास एकमध्ये ७९० पर्यंत चढतं. ५३० टीडीएसचं ते पाणी काही घाण नसतं, कार्बनमधून गेलेलंच असतं. फरशी पुसायला, संडासात, कपड्यांच्या पहिल्या धुण्याला खुशाल वापरा. कुंड्यांना घालायचं तर अधूनमधून साध्या पाण्यात मिसळून, मातीत क्षार साठतात.

न विसरता घ्यायच्या किरकोळ वस्तू

माझ्याकडे एकदा रात्री वीस लिटरचा कॅन भरायला लावला आणि झोपलो. सकाळी हॉलमध्ये पाय ठेवला तो थेट पाण्यात. तेव्हापासून फ्लोट व्हॉल्व्ह आणि ऑटो शट-ऑफ या दोन गोष्टी मी युनिटच्या किमतीतच मोजतो. फ्लोट पिंप भरल्यावर पाणी थोपवतो, मागे दाब चढतो आणि शट-ऑफ कच्च्या पाण्याची वाट बंद करतो. पंप असेल तर त्यासाठी हाय-प्रेशर स्विच. नुसता फ्लोट लावून शट-ऑफ नसेल तर शुद्ध पाणी थांबतं पण नाल्यातलं चालूच राहतं.

फ्लोट थेट टँकमध्ये लावू नका, पिंपात लावा. एक तर तो अडकला तर अख्खा टँक आरओच्या कोऱ्या पाण्याने भरून वाहील. दुसरं कारण मेम्ब्रेनचं आहे: युनिट बंद असताना क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात, त्यामुळे चालू केल्यावर पहिली काही मिनिटं टीडीएस चढलेला असतो. दिवसातून दहादा थोडं-थोडं पाणी घेतलं तर तुम्ही ते चढलेलंच पाणी गोळा करत राहता. एकदाच चालवून पिंप भरा आणि सुरुवातीची पाच मिनिटं फेकून द्या. डीआय असेल तर हे पहिलं पाणी त्याच्या आधीच वळवा. पिंप अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकचा, झाकणाचा, उजेड आत न येणारा. पितळी नळ आणि जोड टाळा, क्षार नसलेलं पाणी धातू खातं.

जोडणी आणि पहिली धुलाई

आधी फक्त सेडिमेंट आणि कार्बन बसवून, मेम्ब्रेन न घालता, पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा. सुरुवातीला कार्बनची काळी भुकटी येते, ती मेम्ब्रेनवर बसायला नको. पाणी स्वच्छ झालं की मेम्ब्रेन घाला. तिच्या रबरी रिंगांना पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं. नव्या मेम्ब्रेनमध्ये टिकवण्यासाठीचं रसायन असतं, म्हणून पहिले दोन तास निघालेलं शुद्ध पाणीही फेकायचं. डीआय सगळ्यात शेवटी जोडा.

यानंतर तीन ठिकाणचा टीडीएस वहीत लिहा: येणारं पाणी, मेम्ब्रेननंतरचं आणि डीआय असल्यास त्यानंतरचं. हा तुमचा पाया. पुढे टक्केवारी काढायची तर येणाऱ्यातून मेम्ब्रेननंतरचा आकडा वजा करा, येणाऱ्याने भागा, शंभराने गुणा. ९८ वरून ती ९० वर घसरली की मेम्ब्रेनचे दिवस भरले. पण त्याआधी दाब आणि कार्बन तपासा. कार्बनची परीक्षा सोपी आहे: नाल्यात जाणाऱ्या पाण्याची क्लोरीन टेस्ट करा. ते कार्बनमधून आलेलं पाणी, त्यात क्लोरीन दिसला की कार्बन संपला. सहा महिन्यांचा नियम ठोकळमानाने ठीक, पण १ लिटर शुद्ध पाण्यामागे कार्बनमधून ४ लिटर जातात हे धरून हिशेब करा.

पाण्यात जीव परत घालणं

कोऱ्या आरओच्या पाण्याचा पीएच मोजत बसू नका. त्यात केएच नसल्यामुळे मीटर भटकतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही तो खाली येतो. खरा धोका टँकमध्ये: केएच शून्याजवळ गेला की एका रात्रीत पीएच कोसळू शकतो.

सोपा मार्ग मिश्रणाचा. नळाचा केएच १२ आहे, तुम्हाला ४ हवा, तर एक भाग नळाचं (क्लोरीन काढून) आणि दोन भाग आरओचं. नळाच्या पाण्यात नायट्रेट किंवा आणखी काही नको असलेलं असेल, तर पूर्ण आरओ घेऊन क्षार घाला. तयार मिनरल पावडर मिळते, घरी करायचं तर १०० लिटरला: केएच १ डिग्री वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे). जीएच १ डिग्रीसाठी ३ ग्रॅम जिप्सम किंवा ४.४ ग्रॅम एप्सम सॉल्ट. कॅल्शियम-मॅग्नेशियम तीनास एक ठेवून जीएच ४ हवा असेल तर ९ ग्रॅम जिप्सम आणि ४.४ ग्रॅम एप्सम. जिप्सम विरघळायला आळशी असतं, पिंपात आदल्या दिवशी टाकून पंपाने फिरवत ठेवा.

हे क्षार पाणी बदलताना घालायचे. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र कोऱ्या आरओनेच, कारण वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. भर घालतानाही नळाचं पाणी वापरत राहिलात तर जडपणा आठवड्यागणिक चढत जातो.

आणि जुना, ५०० टीडीएसवर रुळलेला टँक एका दुपारी १५० वर आणू नका. माशांना आणि त्याहून जास्त श्रिंपना तो झटका सोसत नाही. दर आठवड्याच्या पाणीबदलात आरओचा वाटा थोडा-थोडा वाढवा, प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा टीडीएस लिहून ठेवा. कोणी मासा कोपऱ्यात जाऊन बसला, खाणं सोडलं, तर पुढचा आठवडा त्याच आकड्यावर थांबा.